रिजवानाला सोडायचं की नाही

२ एप्रिल, बुधवार
रिजवानानं ईदचा शीरखुर्मा आणला. दोन वाट्या खाल्ल्या आणि सीओसाहेबांचं, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांचं, बोलावणं आलं. गोड तोंड त्यांच्या केबिनमध्ये कडू झालं.
पाण्याच्या पाळीचे मेसेज पाठवणाऱ्या कंपनीनं कालपासून सेवा बंद केली. करार संपला, नवा करायला नगरपरिषदेच्या तिजोरीत खडखडाट. साहेब म्हणाले, "मॅडम, पैसे सोडून काहीबी मागा." मग मागायचं काय, त्यांचा कूलर?
मेसेज नसला की बायका मजुरी बुडवून नळापाशी बसतात. काहीतरी करायलाच हवं. आमचा संगणक कक्ष म्हणजे मी अभियंता, रिजवाना कंत्राटी ऑपरेटर, आणि मनात आलं तर चालणारा प्रिंटर.

४ एप्रिल, शुक्रवार
फोनवर फुकटचे ग्रुप काढायचं ठरवलं. वॉर्डनिहाय. रिजवाना म्हणाली, "मॅडम, वॉर्ड कुनाच्या ध्यानात ऱ्हातो?" म्हटलं, नकाशात आहे ना. तिनं मुकाट्यानं ग्रुप काढले. उन्हातून घरोघर नंबर गोळा करत फिरली. मी सांगितलंही नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार
फजिती! एका वॉर्डात पाणी सोडायचे दोन-तीन वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, येतात. मेसेज गेला सगळ्या वॉर्डाला, पाणी सुटलं अर्ध्याला. उरलेल्या बायका घागरी घेऊन ऑफिसात. "वार्ड-फिर्ड आमाला ठावं न्हाय. आमी मारुतीच्या वॉलवरल्या. आजचा कांदा काढायचा रोज गेला की माझा!"
खिडकीत रिजवाना, म्हणून सगळा मारा तिच्यावर. बाहेर गेले आणि सांगितलं, हिनं आधीच बजावलं होतं, हुकूम माझा होता, चूक माझी. बायकांनी मग मला धुतलं. बरोबरच होतं त्यांचं.
नंतर साहेब, "कशाला अंगावर घ्यायलाव? ऑपरेटर कशाला असत्यात?" यासाठी नसतात, म्हटलं. आवाज जरा चढलाच.
संध्याकाळी टेबलावर चहा होता. रिजवाना निघून गेली होती.

११ एप्रिल, शुक्रवार
आता ग्रुप वॉलनिहाय. मारुतीचा वॉल, मशिदीचा वॉल, वेशीचा वॉल. गाव आपल्या पाण्याला याच नावांनी ओळखतं. मी इतकी वर्षं इथं, पण तुळजापूरहून एसटीनं ये-जा करणारी. माझ्या घरी टाकी आपोआप भरते.
वॉल सोडणाऱ्या गुंडप्पामामांना टाइप करायचा कंटाळा. रिजवाना म्हणाली, बोलूनच टाका. पहिला मेसेज, मधेच कानडी: "मारुतीचा वॉल सोडलाय. नीर बिट्टीनि, पानी सोडलंय. भरून घ्या. नळाला मोटर लावशीला तर मी घरी येनार बघा." गाव पोट धरून हसलं, आणि मोटारीही निघाल्या म्हणे. देवा, ही माणसं मला कुठल्या पुण्याईनं मिळाली!

१५ एप्रिल, मंगळवार
ऑनलाइन प्रशिक्षण झालं. विषय, शासनातलं तंत्रज्ञान आणि नेतृत्व. 'गुणी माणसं टिकवा.' कशानं टिकवायची, ते काही स्लाइडवर नव्हतं. पगार वाढवणं माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढंच, की काम जिचं, नाव तिचं.

१७ एप्रिल, गुरुवार
धाराशिवला आढावा बैठक. कंत्राटी माणसानं बाहेर बाकावर बसायचं, अशी रीत. रिजवानाला आत नेलं, शेजारी बसवलं. आमची पाळी आली तेव्हा म्हटलं, ही सांगेल.
आधी नुसते आकडे वाचले. मग वॉलची गोष्ट अशी रंगवून सांगितली, की फोनमध्ये डोकं घालून बसलेल्यांनी माना वर केल्या. मी काहीच केलं नाही आणि पोटभर जेवल्यासारखं वाटलं.
येताना तुळजापूरला मी देवळात जाऊन आले. रिजवाना माझी पिशवी धरून बाहेर पेढे खात बसलेली.

२१ एप्रिल, सोमवार
जिल्ह्यातून फोन. "ती मुलगी आमच्याकडं द्या. पगार बरा, मुदतही मोठी. तुमची हरकत नसेल तर." शुक्रवारपर्यंत कळवते, म्हटलं.
साहेबांचा सल्ला, "न्हाय म्हणून टाका. पोरीला सांगायची काय गरज? जूनमध्ये दाखल्यांची झुंबड उडंल तवा एकट्या काय करशीला?"
खरंय. तिच्या जागी दुसरं कुणी मिळणार नाही, भरतीच बंद. आणि मी घाबरलेय. हौसेनं मिरवायला नेलं मीच. न नेलं असतं तर...
दिवसभर ती समोर होती. तिला सांगायचं उद्यावर ढकललं.

२२ एप्रिल, मंगळवार
सांगितलं. दाराशी गाठूनच, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. माझी हरकत नाही, हेही सांगितलं. ती भडकलीच.
"मला हाकलायलाव का मॅडम?"
नाही गं. जागा चांगली आहे.
"मग ऱ्हा म्हना की एकदा!"
म्हटलं असतं तर राहिली असती. म्हणूनच म्हटलं नाही. जिल्ह्याकडून मुदत मात्र मागून घेतली, पुढच्या आठवड्यापर्यंत. घरी येऊन भरपूर रडले. लाज कसली त्यात.

२५ एप्रिल, शुक्रवार
दोन दिवस आली नव्हती. मी एकटी, आणि प्रिंटरच्या मनात काही येईना. आज आली. घरी अब्बा जा म्हणतात, अम्मी नको म्हणते, एवढं कळलं. तिला काय वाटतं, ते नाही.
मग मलाच तिच्या जागी बसवलं. "शिका. नवा नंबर कुन्या वॉलवर घालायचा, हे आधी इचारायचं. असं न्हाय वो! किती घाई!" अभियंता मी, आणि शाळेतल्या पोरीसारखी बोलणी खातेय. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.
तेवढ्यात वेशीचा वॉल सुटल्याचा गुंडप्पामामांचा फोन, त्यांचं नेट गेलेलं. तिनं हात मागं घेतले. "तुमीच टाका."
टाकलं. भलत्याच ग्रुपवर गेलं.
"काढा ते. परत टाका. मी हाय इथंच," म्हणाली.
कधीपर्यंत, ते मी विचारलं नाही.