दिवाबत्तीवाल्यांचा तिसरा भाग

ती. भावोजींस,

शिरसाष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा आठातलं एक अंग कमी समजावं). तुमचं पित्त, ताईची पाठ आणि हॉलमधलं ते मोठं कपाट, सगळे ठणठणीत ना? कपाटाची चौकशी आपली सहज.

इकडे माझी पार कोंडी झालीय. जुन्या बंधुमंडळांचे इतिहास जमवायचा माझा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. गवंड्यांचं मंडळ, घड्याळजींचं मंडळ. एकमेकांना 'बंधो' म्हणायचं, गुपचूप खुणा करायच्या आणि वर्षभर भांडायचं (म्हणजे अगदी सख्ख्या भावांसारखं). त्यातलं माझं रत्न म्हणजे दिवाबत्तीवाल्यांच्या बंधुमंडळाचा इतिहास, भाग तीन. पहिला आहे, दुसरा आहे, तिसरा नऊ वर्षं शोधतोय. आता हिने शेवटचं बजावलंय: रविवारपर्यंत तिन्ही भाग शेजारी शेजारी दिसले तर ठीक, नाहीतर सगळी पुस्तकं रद्दीत आणि त्या जागी शिलाई मशीन. ही बोलते तसं करते हो.

म्हणून काल जुन्या पुस्तकांच्या त्या म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेलो. त्याचे आजोबा म्हणे याच मंडळात होते. दुसऱ्या भागात बंधूंची खूण दिलीय: उजव्या हाताने डावा कान धरायचा, तीनदा खोकायचं आणि एक पाय उचलायचा. मग समोरचा बंधू काही म्हणता काही नाकारत नाही. मी खूण केली. त्याने घाईघाईने मला स्टुलावर बसवलं, पाणी पाजलं आणि घरी कुणाला कळवायचं का ते विचारलं. म्हटलं, खोकला कमी पडला असेल. पुन्हा उठून जरा दणक्यात केली, तर तोल जाऊन मासिकांच्या गठ्ठ्यासकट आडवा झालो आणि चष्मा उडाला. बिनचष्म्याचा चेहरा बघितल्यावर मात्र म्हाताऱ्याला ओळख पटली. म्हणाला, "अहो, तिसरा भाग तुम्हीच तर नेलात!" पुढे तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही, तेव्हा आवरतं घेतो. ताईला नमस्कार.

तुमचा एकुलता एक मेहुणा

ता. क. लिहितोच. बारा वर्षांपूर्वी, हा नाद लागायच्याही आधी, तुमच्या नव्या घरी सामान लावायला येत होतो, तेव्हा ताईने फर्मावलं होतं, "कपाट डुगडुगतंय, येताना काहीतरी जाड घेऊन ये." मागच्या डाव्या पायाखाली जे आहे, त्याच्यावर कंदील छापलाय का बघता? असेल तर रविवारच्या आत पाठवा, तुमच्या पाया पडतो. कपाट ओढू नका, उचला.

आणखी ता. क. तुमच्या कपाटाची गैरसोय व्हायला नको म्हणून सोबत तेवढ्याच जाडीचं पुस्तक पाठवतोय. पट्टी लावून मोजलंय. पहिला भाग आहे.

शेवटचा ता. क. हिने आत्ताच पार्सल बघितलं, पत्र वाचलं आणि पोट धरून हसत मशीनला तेल घालायला गेली. एवढं हसायला काय झालं, ते काही सांगत नाही.