पेन थांबला की

दीपनगर,
१२ सप्टेंबर १९९३

चि. सौ. मंजुळास भाऊचा आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. पिंपळनेरला रुपचंदराव आणि लेकरू बरे असतील. आबांचा गुडघा आता दुखत नाही. मायनं तुझ्यासाठी ज्वारीच्या बिबड्या वाळवून ठेवल्यात, आणि तू त्या न्यायला येत नाहीस म्हणून रोज मलाच बोलते.

टाईप केलेलं पत्र पाहून दचकू नकोस. टेलिफोनच्या खोलीत दिवसभर बटणं दाबून बोटं शहाणी झाली, म्हणून मराठी टायपिंग शिकलो. आजवरची माझी पत्रं कुणी ना कुणी लिहून दिली. तुला एकटीला सांगायची गोष्ट दुसऱ्याच्या हातून कशी लिहिणार? हे झालं एक कारण. दुसरं, समोर येऊन सांगायचं तर मी घाबरट आहे.

टायफॉइडनं माझी टी.वाय.ची परीक्षा हुकली, तेव्हा तू एस.वाय.ला होतीस. आंधळ्याचा लेखनिक खालच्या वर्गातलाच हवा, हा नियम. तू पास झाली असतीस तर माझ्याच वर्गात आली असतीस. म्हणून तू परीक्षेलाच बसली नाहीस. आबा म्हणाले, "एक सालनी तर गोष्ट शे." तू म्हणालीस, "भाऊ, तू पास हुई जाय, मंग मी देसू."

पुढच्या वर्षी तू आधीसारखेच माझे सगळे पेपर लिहिलेस. तुझे पेपर आणि लग्न मात्र एकाच आठवड्यात आले, आणि पेपर राहिले ते राहिलेच. मांडवात मी तुझा पाट धरून बसलो होतो आणि लोक म्हणत होते, भाऊ किती खुश दिसतोय.

"कॉलेजात दुसरा लेखनिक मिळत नाही," असं मी घरी सांगितलं होतं. मंजू, ते खोटं होतं.

तुझ्या परीक्षेआधी लेखनिकाचा अर्ज द्यायला मी देवपूरच्या कॉलेजात एकटाच गेलो होतो. तू सोबत येते म्हणालीस, मी नको म्हणालो. ऑफिसातले मोतीलाल नाना म्हणाले, "अकरावीतली रईसा तयार आहे. अक्षर स्वच्छ आहे, प्राचार्यांचाही होकार आहे. बहिणीचं वर्ष कशाला वाया घालवता?" मी म्हणालो, "मला तिचीच सवय आहे."

इथवर लिहून दोन दिवस मशीनवर कापड टाकून ठेवलं होतं. कारण सवय हेही अर्धंच खरं.

मी उत्तर सांगायचो आणि तुझ्या पेनाची खरखर ऐकायचो. माझं काही चुकलं की पेन थांबायचा. तू तोंडातून शब्द काढायची नाहीस. मी समजायचो, मागे यायचो, बरोबर सांगायचो. पर्यवेक्षकांना कधी कळलं नाही. आपणही यावर कधी बोललो नाही. रईसाचा पेन थांबला नसता. मला तुझा हात नको होता, डोकं हवं होतं. ते मी घेतलं आणि तुला चुलीपुढे पाठवलं. त्या पदवीवर मला टेलिफोनची ही खुर्ची मिळाली. लोक माझ्या जिद्दीचं कौतुक करतात, तेव्हा मला लाज वाटते.

सोबत बहिःस्थ परीक्षेचा अर्ज आहे. मी चौकशी केली, तुझ्या एफ.वाय.च्या गुणपत्रिकेवर एस.वाय.ला बसता येतं. शेवटची तारीख तीस आहे. रुपचंदरावांशी बोलायला मी स्वतः येईन, पण तू हो म्हणालीस तरच. रागावलीस तर रागाव, तो तुझा हक्क आहे. माफी मागायलाही मी आधी तुझं उत्तर ऐकून मगच येईन.

अर्ज माझ्याकडेच पाठव. भरलास तर बॉलपेननं दाबून लिही. नसेल भरायचा तर कोराच पाठव, सोबत चिठ्ठी नको. कागद पालथा करून अक्षरं उठलीत का, ते बोट फिरवून पाहीन. काय ते मला कळेल, कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

तुझ्या पेनाच्या आवाजावर पास झालेला,
तुझा भाऊ
चुडामण