एका गाडीचे दोन विमे

४ मार्च, सोमवार

ती. वहिनींस,
सादर नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. तुमचंही ठीक असणार; शनिवारी गाडी परत आली तेव्हा टाकी भरलेली होती, त्यावरून समजलं. पत्र नेहमीसारखं गाडीच्या खणात ठेवते आहे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर माझा आवाज चढतो, तुम्ही गप्प बसता, आणि मग मी एकटीच भांडते आहे असं होतं.

आता कामाचं. विमा कंपनीकडून पत्र आलं आहे की आपल्या गाडीवर दोन विमे उतरवलेले आहेत. एक माझा, एक तुमचा. दादा गेल्यावर गाडी आपण दोघींच्या नावावर करून घेतली, तेव्हापासून दरवर्षी विम्याला आपण जोडीने जायचो. यंदा जानेवारीत आपलं बिनसलं. मला वाटलं, आता या काही बघायच्या नाहीत, आपणच भरून टाकावा. तुम्हालाही अगदी हेच वाटलेलं दिसतं.

मी कचेरीत जाऊन आले. खिडकीवरच्या बाई आधी हसल्याच. म्हणाल्या, "नवरा-बायकोचं भांडण झालं की होतं असं कधीकधी." मी म्हटलं, "आम्ही नणंद-भावजय आहोत." तर म्हणाल्या, "मग तर काय विचारायलाच नको."

दोन विमे ठेवून फायदा काहीच नाही. उद्या गाडीला काही झालं तर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवणार. एक पॉलिसी रद्द करायला हवी. मला वाटत होतं, जेवढे दिवस वापरली तेवढ्याच दिवसांचे पैसे जातील. तसं नसतं. मुदतीआधी रद्द केली की ते त्यांच्या हिशेबाने कापतात: महिना उलटला की तीन महिन्यांचे गेलेच, वर कागदपत्रांचा आकार वेगळा. तुमची पॉलिसी माझ्यानंतर आठवड्याने सुरू झाली आहे, तिचा महिना अजून भरायचा आहे. लगेच केलीत तर तुमचे थोडक्यात सुटतील. शिवाय दादाच्या वेळेपासून आपण एकदाही भरपाई मागितलेली नाही, त्याची सवलत माझ्या पॉलिसीत आहे. तेव्हा रद्द व्हायची ती तुमची, हे उघड आहे.

तुमची कंपनी कुठलीतरी नवीनच दिसते. कोणी सुचवली ते मी विचारत नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलं की माणसाला असले सल्ले सुचत असावेत.

आणखी एक. पुढची बाजूची सीट मागे सरकवलेली आहे. मी पडदे शिवणारी बाई, माझ्या डोळ्यांना अर्धा इंच कळतो, आणि ही चांगली वीतभर सरकली आहे. तिथे बसले तर माझे पाय लहान मुलासारखे लोंबतात. दाराच्या कप्प्यात चष्मा पुसायचं निळं फडकं सापडलं. धुऊन, इस्त्री करून जागच्या जागी ठेवलं आहे.

गाडी दादाची आहे. तिच्यात कोण बसतं, याचं त्याला काय वाटलं असतं, एवढाच माझा मुद्दा. मला स्वतःला काही नाही.

तुमच्या पॉलिसीत दुसरा चालक म्हणून कोणाचं नाव घातलं आहे, हेही मला विचारायचं नाही. कळवलंत तर बरं.

आपली,
नणंद

१९ मार्च, मंगळवार

वहिनी,

तुझं उत्तर नाही. दोन आठवडे खण उघडून बघते आहे. तुझे पावत्यांचे चिटोरे असतात, घरोघरी व्यायाम द्यायला जातेस त्या पेशंटला बांधायचा गुंडाळलेला पट्टा असतो, पत्र नसतं. राग आला की मी तुला अहोजाहो करते हे तुला माहीत आहे. आज राग एवढा आहे की तेही जमत नाही.

शुक्रवारी मी एका दवाखान्याचे पडदे टांगायला गेले होते. बसने गेले, कारण शुक्रवार दुपारची गाडी आपल्या दोघींची, आणि दोघी बोलत नसलो तर ती तुझी, असं मीच ठरवून घेतलं होतं. येताना सिग्नलला बस थांबली आणि खाली बघते तर आपली गाडी. तू चालवत होतीस. तो चष्मेवाला बाजूला, गुडघे ऐसपैस पसरून. थर्मासचं झाकण त्याच्या हातात होतं. माझं झाकण. तू मोठा कप घेतेस आणि मी झाकणातून पिते, एवढी वर्षं असंच चाललं आहे. तो काहीतरी म्हणाला आणि तू मान मागे टाकून हसलीस. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवला तरी तुला दिवा हिरवा झाल्याचं कळलं नाही.

तू तशी माझ्याबरोबरही हसतेस. पण ते हसणं मला माझं वाटत होतं.

बसमध्ये माझ्या मांडीवर पडद्यांचा गठ्ठा होता, म्हणून बरं. नाहीतर मी उतरून आले असते आणि भर रस्त्यात काहीतरी बोलून बसले असते. जानेवारीत बोलले तसं. तू त्याच्याबद्दल पहिल्यांदा सांगितलंस आणि मी म्हटलं, "दादाचा कोट अजून तुझ्या खुंटीवर आहे." त्यावर तू उठून आत गेलीस.

वहिनी, दादाचं नाव मी उगाच पुढे करते. दादा असता तर त्याने त्या चष्मेवाल्याला चहाला बोलावलं असतं आणि गप्पा मारता मारता फुकटात नंबर काढून घेतला असता. दादाला कोणाचा हेवा वाटलेला मी पाहिला नाही. जळते ती मी. रात्रंदिवस जळते. त्याच्या दुकानावरून जायला लागू नये म्हणून लांबचा रस्ता धरते, आणि तरी मान वळवून बघतेच की तू आत आहेस का.

दादा गेला आणि तू शुक्रवारी मला तळ्यावर न्यायला लागलीस. गाडी काठाशी लावायची, काचा खाली करायच्या, तू लोकांचे गुडघे आणि खांदे सांगायचे, मी लोकांच्या खिडक्या. कोणाचा पाय किती वाकला आणि कोणाला कसला भडक रंग हवा आहे. मला तेवढा संसार पुरत होता. तुला पुरत नव्हता, हे मला दिसलं नाही. दिसू द्यायचंही नव्हतं.

तर काल मी कचेरीत गेले आणि माझी पॉलिसी रद्द करून टाकली. तू तुझी काही करणार नाहीस हे कळून चुकलं होतं. बाईंनी दोनदा विचारलं, "दुसरी चालू आहे ना? खात्री करा, बिनविम्याची गाडी रस्त्यावर आणता येत नाही." मी म्हटलं, "आमची वहिनी कधी काही विसरत नाही." मग त्यांनी कापायचे ते पैसे कापले, चांगले घसघशीत कापले, आणि रद्द करण्याचं कारण विचारलं. गाडीचा उपयोग राहिला नाही, असं सांगितलं.

आता गाडी तुझ्या विम्यावर चालेल. बसा दोघं. सीट हवी तेवढी मागे घ्या. माझी किल्ली खणात पत्राखाली ठेवली आहे. गाडीचं दार नुसतं लोटलं आहे, तू उद्या येशीलच.

तुझी,
(काय लिहावं ते सुचत नाही)

२१ मार्च, गुरुवार

प्रिय वहिनी,

काल दाराखालून सरकवलेली तुझी चिठ्ठी मिळाली, किल्लीसकट. वर येऊन परत गेलीस. मशीनचा आवाज ऐकून धीर झाला नाही म्हणतेस. मशीनवर मी कोणाचेच पडदे शिवत नव्हते. सकाळपासून एकाच कापडाला टीप घालून उसवत होते.

तुझी चिठ्ठी मी उभ्यानेच वाचली. "वन्सं, तुमचं पत्र मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी माझी पॉलिसी रद्द केली. कळवलं नाही, कारण काहीही कळवलं असतं तरी तुम्ही भांडला असतात."

हे मात्र खरं आहे.

म्हणजे तू गप्प राहून माझं ऐकलंस आणि मी तू ऐकत नाहीस म्हणून चिडले. तू किल्ली लावलीस, सवयीने खण उघडलास, माझं पत्र वाचलंस आणि गाडी सुरू न करता उतरलीस. तुझा कुठला तरी कंबरेचा पेशंट वाट बघत असणार आणि तू बसच्या रांगेत. दोन विमे होते तेव्हा आपण बोलत नव्हतो, आता बोलतो आहोत तर एकही नाही. दोघींचे पैसे कापले गेले ते वेगळेच. खिडकीवरच्या बाईंना तोंड कसं दाखवायचं, या विचाराने काल मला पहिल्यांदा हसू आलं.

पुढचं वाचताना मात्र आलं नाही. "दुसरा चालक म्हणून तुमचंच नाव होतं. त्यांना गाडी चालवता येत नाही." ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याला मी दीड महिना मनातल्या मनात दादाच्या जागी बसवून शिव्या घातल्या. तुला सांगते, माझ्याही पॉलिसीत तुझंच नाव होतं. अर्ज भरताना इतकी चिडले होते, पण तुझ्याशिवाय दुसरं कोण लिहिणार होते?

शेवटची ओळ मी परत परत वाचली. "ते मला आवडतात, वन्सं. तुम्हीही हव्यात. पुढे सीट एकच आहे, मी काय करू?"

मला तो अजून आवडत नाही. आवडेल असं कबूल करत नाही. सिग्नलला पाहिलं तेव्हा जसं झालं, तसं पुन्हा होणार, आणि तू ते माझ्या चेहऱ्यावर ओळखणार. तेव्हा गप्प बसू नकोस. "वन्सं, पुरे" एवढं म्हण.

गाडी खाली झाकून ठेवली आहे. तिच्या खणात आता कोणी हात घालणार नाही, म्हणून हे टपालाने पाठवते. सोमवारी सकाळी कचेरीच्या दारात ये, मी लवकर येऊन थांबते. एकच पॉलिसी घेऊ, दोघींच्या नावाने. बाई हसल्या तर हसू देत.

आणि शुक्रवारी तळ्यावर जाऊ, त्यालाही घे. जाताना त्याला पुढे बसव. त्याचे पाय लांब आहेत, मागे मावायचे नाहीत, हे मी मोजून सांगते. मी मागे बसेन, गठ्ठ्याशेजारी. त्याच्यासाठी कप मी घरून आणेन. झाकण माझं आहे. येताना मात्र पुढे मी बसणार. सीट पुढे ओढून घेणार, आणि त्याबद्दल दोघांपैकी कोणी काही बोलायचं नाही.

गाडीत निम्मा आणि तुझ्यात निम्म्याहून जरा जास्त वाटा मागणारी,
तुझी वन्सं