मागच्या खिडकीखालची घोणस

१६ जून, रविवार
सुट्टीच्या दिवशी जरा निवांत चहा प्यावा म्हटलं, तर आमची मांजर गोटी मागच्या खिडकीतून आत आली, तोंडात काहीतरी लोंबकळत होतं. वाटलं पाल असेल. बाईसाहेबांनी ते अब्बांच्या दिवाणापाशी आणून ठेवलं आणि ते सरपटायला लागलं. हातभर लांब, काळपट तपकिरी, अंगावर पांढरे पट्टे. अब्बांचे गुडघे दोन वर्षांपासून वाकत नाहीत म्हणतात. सेकंदात दिवाणावर उभे.

मांजरीला बाथरूममध्ये कोंडून सर्पमित्र बाळासाहेबांना फोन केला. दुधाचा टँकर चालवतात, राहायला इथेच गावठाणात. अर्ध्या तासात आले. "मण्यार न्हाय ताई, कवड्या हाय. मण्यारीचं पट्टं शेपटीकडं ठळक, ह्याचं मानेकडं. पाली खातोय बिचारा." बरणीत घालून घेऊन गेले. अब्बांना हात धरून खाली उतरवायला लागलं.

संध्याकाळी जिन्यात पानसे सर भेटले, आमच्या सोसायटीचे चेअरमन. सांगितलं. म्हणाले, "सापांना आपण मेंटेनन्स लावत नाही, तेव्हा येऊ नका म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही." आणि वर निघून गेले.

१८ जून, मंगळवार
अर्ज लिहिला. तळमजल्यावर आम्ही राहतो, साप आमच्याकडे येणार, अर्ज आम्हीच लिहिणार. आमच्या मागच्या भिंतीलगत दोन वर्षांपासून राडारोडा पडलाय. बी विंगच्या फरशा बदलल्या तेव्हाच्या जुन्या फरशा, विटा, सिमेंटच्या गोण्या. कमिटीच्याच कंत्राटदाराने टाकल्या. अर्जात हेही लिहिलं की मागे उंदीर फार झालेत, कोणीतरी खरकटं टाकत असावं, चौकशी व्हावी. हे वाक्य लिहिताना फार हुशार वाटत होतं.

पानसेंनी अर्ज घेतला, चष्मा वर केला. "अक्षर छान आहे हो तुमचं." बास. एवढंच.

२५ जून
अर्जाचं काय झालं विचारलं. "कमिटीपुढे आहे." कमिटी म्हणजे पानसे, आणि पानसे म्हणतील त्याला मान हलवणारे दोघं.

३० जून, रविवार
आज धामण मारली. मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर बी विंगचे दोघे बांबू घेऊन उभे, मध्ये ती पडलेली, सहा फुटी, पिवळट. अजून शेपूट हलत होती. मंगलबाई बाजूला झाडू घेऊन उभ्या होत्या, चेहरा कसानुसा. त्या आमचं आवार झाडतात, बारा वर्षं झाली. म्हणाल्या, "मी म्हटलं ना भाऊंना, उंदीर खाती ती, जाऊ द्या. आमचं कोण ऐकतंय."
मी त्या दोघांशी भांडले. एक म्हणाला, "मॅडम, तुमची मांजर घरात साप आणते, तुम्ही आम्हाला शिकवू नका." खरंच आणते.
शेवटी मंगलबाईंनीच ती पोत्यात भरून नेली. घाण उचलायची वेळ आली की सगळ्यांना त्यांचं नाव बरोबर आठवतं.

५ जुलै
दुसरा अर्ज. अब्बा म्हणाले, "किती लिहिशील बेटा, झोप." लॅबमध्ये दिवसभर उभं राहून रक्त काढायचं, घरी येऊन अर्ज लिहायचे. आई असती तर पानसेंच्या दारात जाऊन बसली असती. मला ते जमत नाही. मला फक्त अक्षर छान काढता येतं.

२१ जुलै, रविवार
आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी नऊला गोटी लंगडत आली. पुढचा उजवा पंजा सुजलेला, खांद्यापर्यंत. पंजावर रक्ताचा थेंब. पुसला, परत आला. परत पुसला, परत आला. बावीस वर्षं हेच काम करतेय, न थांबणारं रक्त मला कळतं. भाजीच्या पिशवीत घालून रिक्षाने डॉक्टरांकडे. तरुण मुलगी आहे, चांगली आहे, पण घाईत. बघून म्हणाली, "कोळी चावला असेल किंवा गांधीलमाशी. पावसाळ्यात येतात अशा केसेस. सुजेचं इंजेक्शन देते, उद्या दाखवा."
मी म्हटलं, कोळ्याने रक्त असं पातळ होत नाही.
"तुम्ही साप पाहिलात का?"
नाही पाहिला.
"मग?"
हा 'मग' मला फार लागला. मी म्हटलं, मी लॅब टेक्निशियन आहे, तुमच्याकडे कोरी काचेची टेस्ट ट्यूब आहे का, आत काही न घातलेली? थोडं रक्त घ्या, वीस मिनिटं हलवू नका. गोठलं तर मी माफी मागून घरी जाते.
तिने घेतलं. ते तिचं मोठेपण, लिहायला हवं. ट्यूब स्टँडमध्ये उभी केली. मी घड्याळाकडे बघत होते, गोटी माझ्या मांडीवर, श्वास भराभर. बाकावर एक बाई लॅब्राडोर घेऊन बसली होती, त्याच्या नखांबद्दल बोलत होती. वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी ट्यूब तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.
तिने ट्यूब परत स्टँडमध्ये ठेवली. म्हणाली, "घोणस. माझ्याकडे ॲन्टिव्हेनम नाहीये."
स्वारगेटपर्यंत रिक्षा. पहिल्या दुकानात नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात फ्रिजमधून काढून दिलं, वर विचारलं, "पेशंट कुठे ॲडमिट आहे?" मी म्हटलं, माझ्या पिशवीत बसते ती. तो हसला नाही, मीही नाही. परत आले तेव्हा गोटीचे डोळे अर्धे मिटलेले. औषध पावडर असतं, पाण्यात विरघळवायला वेळ लागतो. बाटली हलवायची नाही, फेस येतो, तळहातात फिरवत बसायचं. आम्ही दोघी आळीपाळीने फिरवत होतो. एवढी लांब पाच मिनिटं मी कधी पाहिली नाहीत.
संध्याकाळी सहाला परत ट्यूबमध्ये रक्त घेतलं. गोठलं. जेलीसारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सॉरी, सकाळी मी..." मी म्हटलं, राहू द्या.
गोटी तिथेच ठेवली आहे. घरी अब्बा जेवले नव्हते. नमाजाच्या चटईवरच बसून होते.

२२ जुलै, सोमवार
रजा टाकली. बाळासाहेब ड्युटी संपवून आले. फरशांचा ढीग एकेक उचलला. चौथ्या थराखाली बसली होती, जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करत होती. त्यांनी काठीने उचलून पोत्यात घातली, सहज, जशी आपण चादर घडी करतो.
मी म्हटलं, बघा, मी सांगत होते ना, हा राडारोडा.
ते वाकून जमीन बघत होते. भिंतीच्या कडेने बिळंच बिळं. म्हणाले, "राडारोडा हाय, त्यो हायच. पर ताई, उंदीर फरशा खात न्हाई. हे दाणं कोण टाकतंय?"
बाजरी. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, चिखलात, मुठीमुठीने. थोडी उगवलेलीसुद्धा.

नंतर लिहीन.

२२ जुलै, दुपारी
अब्बा पाखरांना दाणे घालतात हे मला माहीत होतं. गच्चीवर घालतात असं वाटत होतं. गुडघे गेल्यापासून गच्चीवर जाणं बंद, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी सातला घराबाहेर, पाचला परत. डब्यातली बाजरी संपते, नवीन येते, मी कधी विचारलंच नाही.
बोलले. जास्त बोलले. गोटी मेली असती, तुम्हाला साप चावला असता, मी महिनाभर त्या पानसेंच्या मागे लागलेय आणि कारण माझ्याच खिडकीत. अब्बा आधी म्हणाले, "इतनी सी बाजरी से क्या होता है." मग म्हणाले, "तू गेल्यावर दिवसभरात माझ्याकडे दुसरं कोण येतं?"
मला राग आवरता आला नाही, म्हटलं, आता साप येतो ना.
असं बोलायला नको होतं.

२४ जुलै, बुधवार
गोटी घरी. पंजाची थोडी कातडी जाईल म्हणतात, पण चालू शकेल. अब्बांनी तिला दिवाणावर घेतलं. माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. बाजरीचा डबा ओट्यावर नाहीये. कुठे ठेवला विचारलं नाही.
पानसेंना सांगायला हवं की दाणे आमचेच. उद्या सांगते.

२६ जुलै
नाही सांगितलं. फळ्यावर नोटीस लागली आहे: 'पाळीव प्राणी मोकळे सोडू नयेत. त्यांच्यामुळे सरपटणारे प्राणी आकर्षित होतात.' कुठल्या पुस्तकात वाचलं कोण जाणे. ती वाचून इतकी चीड आली की सांगायचा विचार गेला. यांना कशाला सांगायचं. आधी यांचा राडारोडा उचला म्हणावं.

१ ऑगस्ट, गुरुवार
ट्रॅक्टर आला आणि राडारोडा गेला. दोन वर्षं आणि दोन अर्ज. कामावरून आले तेव्हा मागची पट्टी स्वच्छ, पांढरी पावडरसुद्धा टाकलेली. पानसे स्वतः खाली उभे. म्हणाले, "घ्या. आणि तुमच्या अर्जातल्या दुसऱ्या मुद्द्यावरही कारवाई केली."
कुठला दुसरा मुद्दा?
"खरकटं. चौकशी व्हावी म्हणाला होतात ना? केली. मंगलबाईच टाकत असणार, दुसरं मागे जातंच कोण. कालपासून बंद केलं तिला."
मी तिथे उभी होते. तोंड उघडलं. "त्या नाही टाकत," म्हटलं. "तुम्हाला काय माहीत?" म्हणाले. मी म्हटलं, नाही, म्हणजे... आणि शेजारच्या जोशीबाई आल्या, पट्टी किती छान झाली म्हणायला लागल्या, आणि मी घरात आले.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या रक्ताचे खरे रिपोर्ट लिहितेय.

२ ऑगस्ट
मंगलबाईंना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, कट केला. त्यांना वाटत असणार मीच नाव घेतलं. एका अर्थाने घेतलंच.
जेवताना अब्बांना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. विचारलं, "मेरी वजह से?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

३ ऑगस्ट, शनिवार
पाऊस लागून राहिलाय. गावठाणात मंगलबाईंच्या घरी जाऊन आले. कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "कामाला गेली हाय, उंड्रीकडं कुठंतरी. सांजच्याला येती. तुमी कोण?" सोसायटीचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की निरोप ठेवायचं धाडस झालं नाही.

४ ऑगस्ट, रविवार
सकाळी मी पानसेंकडे जायला निघाले. काय बोलायचं ते तीनदा मनात ठरवलं होतं, त्यातलं 'आमच्याकडून अनवधानाने' हे तर फारच सुबक होतं. अब्बा आंघोळ करून टोपी घालून दारात. चपला पायात.
म्हटलं, तुम्ही कुठे?
"वर."
तिसरा मजला आहे, अब्बा.
"मालूम है मुझे."
कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पहिल्या मजल्यावर दम घेतला. दुसऱ्यावर बसलेच, जिन्यात. मी पाणी आणू का विचारलं तर हात हलवून नको म्हणाले. कोणीतरी दार उघडून बघून बंद केलं. पंधरा मिनिटं लागली असतील.
पानसेंनी दार उघडलं. मला बघून म्हणाले, "आता कोणाची तक्रार?"
अब्बा म्हणाले, "माझी."
आत बसवलं. अब्बांनी मराठीत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द जोडत, पूर्वी बाइंडिंगच्या कामात पुस्तक शिवायचे तसे. खिडकीतून दाणे मी टाकत होतो. बाईंनी नाही. मुलीला माहीत नव्हतं. बाईंना परत घ्या.
त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. पानसे म्हणाले, "अहो, पण बाईंना बंद केल्याची नोटीस काढली गेली आहे. नवीन माणूस ठरवलाय एक तारखेपासून. बघतो. कमिटीपुढे ठेवतो."
मी म्हटलं, मी बाईंना काय सांगू?
"बघतो म्हणालो ना."
उतरताना अब्बा जास्त दमले. घरी आल्यावर म्हणाले, "शाम को तू त्यांच्या घरी जा. मी पण येतो." म्हटलं, तुम्हाला तो चढ जमणार नाही. म्हणाले, "रिक्षा कर."
साडेपाचला निघतोय. त्या दार उघडतील की नाही, आणि उघडलं तर पहिलं वाक्य काय, काहीच ठरवलेलं नाही.