टेबलावर एकच डबा

३ जून
आज खोलीत शिरलेच! लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तळघरात आर्विड काडतुसं भरतो त्या खोलीत मी केर काढण्यापुरतीच जायची. डिसेंबरपासून त्याचे हात थरथरतात. बंदुकीची दारू तोलणं जमत नाही. सप्टेंबरातली लुईसटाउनची नेमबाजीची स्पर्धा मात्र हवीच! म्हणे, या वर्षी नाही तर कधीच नाही. मग तोलणार कोण? मीच.

४ जून
पहिला नियम — टेबलावर दारूचा एकच डबा. दुसरा दिसला की ओरडतो. एरवी हा माणूस गायीवरसुद्धा ओरडत नाही.

१३ जून
तीन प्रकार आहेत. एक रव्यासारखी भरड, एक बारीक, एक खसखशीसारखी गोल. मला वाटायचं, दारू ती दारू! पण भलतीच घातली तर रायफल फुटूही शकते. पुस्तकात बघून या रायफलला चालणाऱ्यांतून तीन निवडायच्या, पुढचं रायफललाच विचारायचं. म्हणजे पाच गोळ्या झाडायच्या आणि कागद बघायचा. झाडायच्याही मीच — त्याचा हात ठरत नाही ना!

२२ जून
भरड दारू : पाच भोकं अंड्याएवढ्या जागेत. मी खूश, आर्विडचं तोंड वाकडं. बारीक : शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत. ही त्याची लाडकी. कारखान्याच्या एकाच घाण्यातली, बारा वर्षं पुरवून वापरलेली. पुढच्या घाण्याला ती सर नाही म्हणतो.

५ जुलै
मी मूर्ख आहे. मापात गोल दारू उरली होती. ती परत ओतली — त्याच्या लाडक्या डब्यात! डबा हलवल्यावर काही कळेना. तो गावात गेला होता. गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ती रायफल गालाला लावायची असते.

जेवताना सांगून टाकलं. त्याने बटाट्यांची ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "मीही एकदा असंच केलं होतं. फक्त मी बोललो नव्हतो." डबा उचलून परसात गेला आणि सगळी दारू रुबार्बच्या वाफ्यात पसरली. बारा वर्षांची! मला रडू आवरेना.

८ ऑगस्ट
आज गोल दारू. पाचदा चाप ओढला. कागदावर एकच भोक! वाटलं, चार गोळ्या डोंगरात गेल्या. आर्विडने खिशातून एक कोरी गोळी काढून त्या भोकात घातली. जेमतेम हलली. "पाचही इथूनच गेल्यात," म्हणाला.

शंभर यार्ड लांब, मध्ये वारा, माझं धडधडणारं काळीज — आणि पाचही एकाच वाटेने! आम्ही दोघं तो कागद उन्हाला धरून बघत राहिलो. चर्चमध्येही मी अशी गप्प होत नाही. एवढ्याशा खसखशीत एवढं काय आहे? आणि हे सगळं आमच्या तळघरात होतं, मी मात्र वर बसून मोजे विणत, टाके घालत होते, असं वाटून लाजच वाटली.

१९ सप्टेंबर
लुईसटाउन. नेमबाजांच्या सात नंबरच्या टेबलासाठी नाव पुकारलं — त्याचं नाही, माझं. खिडकीवर अर्ज दाखवला : मार्चमध्येच भरलाय त्याने. अक्षर वेडंवाकडं, पण नाव पूर्ण लिहिलंय : सोल्वेग टोर्गर्सन.