सरोवराची जागा

बाबा, दुपारी माझा थीसिस डिफेन्स आहे आणि मी डिपार्टमेंटबाहेर पार्किंगमध्ये गाडीतच बसले आहे. हीटर चालू आहे, तरी बोटं गार आहेत. माझा विषय तुम्हाला सांगायचा राहून गेला. चीनमधलं एक मोठं सरोवर, शेवटच्या राजघराण्याचा काळ. शेतकरी काठच्या पाणथळीत गोल बांध घालायचे, आतलं पाणी उपसायचे आणि भात लावायचे. बांध वाढत गेले, सरोवर आकसलं, पुराला जागा उरली नाही. मग सरकारी हुकूम यायचा: बेकायदा बांध फोडा. पुराच्या दिवसांत लोक थाळ्या बडवत बांधावर पहारा द्यायचे. पहारा पाण्यावर कमी, माणसांवर जास्त. शेजारच्यांनी येऊन हा बांध फोडला, तर त्यांचा वाचणार होता.

हे वाचताना मला आपलं स्वयंपाकघर दिसायचं. तुम्ही पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. मी लहान असताना आलेल्या त्या पुरात तुम्ही नदीकाठच्या वस्तीचा बांध फोडायला लावलात आणि खालचं शहर वाचलं. पाणी ओसरल्यावर वस्तीतली एक बाई थेट आत आली. आई चहा पुढे करते, ती कपाला हात लावत नाही.

"साहेब, नदीनं नेलं असतं तर गप बसले असते. कुदळी तुमच्या माणसांच्या होत्या."

"ती जागा नदीचीच होती, बाई."

"मग त्यांनी राहायचं कुठं, बाबा?" मी मध्येच विचारलं.

"तू आत जा."

मी गेले. ती गेल्यावर तुम्ही रोजच्यासारखे जेवलात. ताट-वाटीचा तो आवाज मला आतल्या खोलीत ऐकू येत होता.

थीसिसचा पहिला खर्डा मी त्या बाईच्या बाजूने लिहिला. माझ्या गाइड म्हणाल्या, "रागात लिहिलंयस. पुरावा बघ." पाहिला. बांध फोडले तिथे पाणी पसरलं आणि खालची गावं तगली. राखले तिथे पुढच्या पुरात आतलेही बुडाले, बाहेरचेही. आज परीक्षक मला विचारणारच: तुझ्या हातात असतं तर फोडला असतास? सकाळी लेक टोस्ट खाता खाता म्हणाली, "आई, जस्ट पिक अ साइड. यू ऑलवेज से इट्स कॉम्प्लिकेटेड."

मी हो म्हणणार आहे. त्या बाईसमोर म्हणता आलं असतं का, माहीत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. आता वर जाते. डिफेन्सला कुणीही येऊन बसू शकतं. माझं हो ऐकायला तुम्ही नसाल, याचं मला बरं वाटतंय.