सत्तेचाळिसावा जावई

१२ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

साष्टांग नमस्कार. गुडघे आता तो घालू देत नाहीत, म्हणून कागदावरच. आम्ही दोघं नवराबायको बरे आहोत.

परवा आपली जुनी प्रयोगशाळा पाहून आले. टेबल अजून खिडकीशीच आहे. हत्तीरोग म्हणजे गरिबांचा रोग, त्याचे जंत मारणाऱ्या औषधात कुणाला रस नव्हता. आपण दोघं आणि तो खडखडणारा फ्रीज. प्रत्येक नव्या औषधाला तुम्ही जावई म्हणायचात. "थाटात आला, खाऊनपिऊन बसला, जंत एक मारला नाही!" किती हसायचो आपण! तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

तुमच्या आई डबा घेऊन यायच्या. सुजलेला पाय स्टुलावर ठेवून विचारायच्या, "काय गं, झालं का माझ्या पायाचं औषध?"

तिथली आत्ताची प्रमुख, पोरसवदा मुलगी, सांगत होती की आपल्या सत्तेचाळीस नंबरच्या जातकुळीतलं औषध आता रोग्यांना देऊन बघताहेत, आणि जंत मरताहेत. मग तिनं तुमची-माझी जुनी वही उघडली. "इथे 'जंत हलतात, बाद' असं कसं?" अक्षर माझं. मी म्हटलं, आठवत नाही.

आठवतं, मास्तर. फ्रीज सुरू झाला की टेबल थरथरायचं. तो थांबल्याशिवाय जंतांची बशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची नाही, हा आपला नियम. त्या दिवशी तुम्ही मला आळशी म्हणालात आणि मी घुश्शात होते. फ्रीज चालू असतानाच पाहिलं, लिहिलं, बशी धुऊन टाकली. घरचा जिना चढताना लक्षात आलं. औषधाचा नमुना चिमूटभरच होता, तोही संपलेला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "नीट पाहिलंस ना?" मी हो म्हणाले. "मग झालं," म्हणालात. वर्षभरात तुम्ही काम सोडलंत, शाळेत शिकवायला लागलात. नावाचे मास्तर होतात, ते खरेच मास्तर झालात.

आईंच्या पायाची सूज कदाचित उतरली नसती. पण त्या रोगानं त्यांना दर महिन्याला येणारा ताप तरी टळला असता. हे मला फार लागतं.

सोमवारी त्या मुलीला सगळं सांगणार आहे. सत्तेचाळीस नंबर तुम्ही निवडला होता, तेही. पण आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तीस वर्षं आधी.

जंत हलत नव्हते, मास्तर. टेबल हलत होतं.

तुमच्या विश्वासाला न जागलेली,
तुमचीच शिष्या